पाकिटातलं चित्र आणि पाठीमागचा मजकूर

६८ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे काडेपेटीएवढी रुंदी आणि तिच्याहून जरा जास्त उंची. इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटातून जी चित्रकार्डं निघायची, त्यांचं हे बहुतेक ठरलेलं माप. पुढच्या बाजूला रंगीत चित्र: एखादा क्रिकेटपटू, जहाज, फुलपाखरू, राजा, रेल्वेचं इंजिन. मागच्या बाजूला कार्डाचा क्रमांक, मालिकेचं नाव, साठ-सत्तर ते शंभर शब्दांचा मजकूर आणि तळाशी कंपनीचं नाव.

जमवणारे पुढच्या चित्राकडे बघतात. मी इतिहास शिकवते आणि या मंडळात भाषेच्या ओढीनं येते, त्यामुळे माझं लक्ष मागच्या मजकुराकडे गेलं. लघुनिबंध, लघुकथा, स्फुट यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत लाखो मुलांनी जे गद्य वाचलं, पाठ केलं, खिशात घालून शाळेत नेलं, त्याचं नाव वाङ्मयाच्या कुठल्याच तासाला निघत नाही. ते गद्य तंबाखूच्या पाकिटातून येत होतं, हे त्याचं एक कारण असावं. कारण रास्तच आहे, पण म्हणून त्याचा अभ्यास टाळावा असं मला वाटत नाही.

सुरुवातीला या कार्डावर काहीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात विकल्या जात. पाकीट दबलं की सिगारेटी मोडायच्या. म्हणून आत एक कोरा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत. १८८० च्या आसपास कुणाच्या तरी ध्यानात आलं, की या कोऱ्या तुकड्यावर छापताही येईल. रंगीत शिळाछापाची कला तोवर स्वस्त झाली होती.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडत होती. सिगारेट तोपर्यंत हातानं वळली जाई. तरबेज कामगार दिवसाला दोन-तीन हजार वळायचा. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं सिगारेट वळणारं यंत्र करून देणाऱ्याला ७५,००० डॉलरचं बक्षीस लावलं. जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणानं ते केलं आणि १८८१ साली त्याला पेटंट मिळालं. दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी! गंमत अशी, की ॲलन अँड गिंटरनं ते यंत्र काही मनापासून वापरलं नाही. ते उचललं नॉर्थ कॅरोलिनातल्या जेम्स ड्यूकनं. आता माल इतका निघू लागला, की तो ओढणारी माणसं तयार करणं हाच खरा धंदा झाला. पाकिटातलं चित्र हे त्या धंद्याचं हत्यार. संच ५० चित्रांचा, पाकिटात चित्र एकच, आणि तेही कोणतं ते उघडल्याशिवाय कळायचं नाही.

१८८७ साली ॲलन अँड गिंटरनं जगातल्या नामवंत खेळाडूंचा ५० कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलपटू दहाच; बाकी मुष्टियोद्धे, मल्ल, नेमबाज. पक्ष्यांचे आणि ध्वजांचेही संच त्यांनी काढले. पण सगळीच चित्रं इतकी सोज्वळ नव्हती. ड्यूकच्या पाकिटांत नट्यांची भरपूर चित्रं असत, काही त्या काळाच्या मानानं बरीच धीट. खुद्द ड्यूकचे वडील वॉशिंग्टन ड्यूक मोठे धर्मनिष्ठ मेथडिस्ट गृहस्थ. १८९४ साली त्यांनी मुलाला पत्र लिहून ही चित्रं बंद करायला सांगितलं. तरुण मुलामुलींवर त्यांचा वाईट परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सिगारेटींबद्दल त्या तक्रारीत काही नव्हतं. बापलेकाचा वाद होता तो फक्त चित्रांचा.

१८९० साली ड्यूकनं पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा चित्रांचा खर्च कशाला? अमेरिकेत कार्डं जवळजवळ थांबली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: कार्ड म्हणजे वाचकाला भेट नव्हती, स्पर्धेतला खर्च होता.

इथून गोष्ट इंग्लंडला जाते. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनं आधी जाहिरातवजा कार्डं काढली होती. १८९५ साली तिनं जहाजं आणि खलाशी यांची मालिका काढली, १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची. नॉटिंगहॅमच्या प्लेअर कंपनीनं किल्ले आणि मठ यांच्यापासून सुरुवात केली होती. मग १९०१ साली ड्यूक स्वतः इंग्लंडात उतरला आणि त्यानं लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेतली. घाबरून १३ ब्रिटिश कंपन्या एकत्र आल्या, त्यातून इम्पीरियल टोबॅको जन्मली. या लढाईत दोन्हीकडून कार्डांचा पाऊस पडला. आपले रणजितसिंहजी त्या वर्षांत ससेक्सकडून धावांच्या राशी रचत होते, तेही या कार्डांवर झळकले. पुढे १९३० च्या प्लेअरच्या संचात त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी आले. इंग्लंडमधल्या कितीतरी मुलांनी पाहिलेला पहिला हिंदी माणूस हा असा पांढऱ्या पोशाखात, हातात बॅट घेतलेला असणार.

मुलं म्हटलं की प्रश्न येतोच. १९०८ च्या बालकायद्यानं ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना सिगारेट विकायला बंदी झाली. पण कार्डांवर बंदी आली नाही. फुलपाखरं, इंजिनं आणि खेळाडू कुणासाठी छापले जात होते, हे काय कंपन्यांना कळत नव्हतं? मुलं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे कार्ड मागायची. बापानं कुठल्या छापाची सिगारेट ओढायची, हे घरातलं पोर ठरवू लागलं. भिंतीवर कार्डं उडवून जिंकायचे खेळ निघाले, शाळेत अदलाबदल सुरू झाली. आपल्याकडे मागच्या पिढीतली मुलं रिकामी पाकिटं आणि काडेपेटीचे छाप गोळा करून खेळायची, त्याच जातीचा हा नाद. फरक एवढाच, की आपल्याकडे मुलांनी कचऱ्यातून खेळ काढला, तिकडे खेळ आधीच पाकिटात घातलेला होता.

आता पाठीकडे येऊ. विल्सनं १९१३ साली प्रथमोपचारावर ५० कार्डं काढली. १९२० च्या दशकात बागकाम, घरगुती उपाय, रानफुलं, आकाशातले तारे. प्लेअरनं १९१२ साली डिकन्सच्या कादंबऱ्यांतली पात्रं काढली, म्हणजे ज्या घरात कादंबरी नव्हती तिथेही पात्र पोचलं. एका कार्डावर एकच गोष्ट सांगायची. लेखकाचं नाव नाही, प्रस्तावना नाही, ‘आता आपण पाहू’ नाही. पहिल्या वाक्यात विषय, दुसऱ्या-तिसऱ्यात आकडा किंवा कृती, शेवटी एखादी चटकदार माहिती. विशेषणांना जागाच नाही. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं, की वाचणारा उभ्या उभ्या वाचतोय, कदाचित ट्रामची वाट बघतोय. आपल्या परीक्षेतल्या ‘टीपा लिहा’ या प्रश्नाला उत्तर देताना हे आठवलं तर निम्मी पुरवणी वाचेल!

आणखी एक मजा अशी, की क्रमांक ठरलेले असले तरी कार्डं क्रमानं हातात येत नसत. ३७ वं आधी, ४ थं नंतर, २२ वं तीनदा. पानं विस्कटलेला ज्ञानकोशच म्हणा. जवळपास त्याच काळात आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर गावोगाव वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा करत होते. तिथे ज्ञानाचा खर्च वाचक उचलत होता आणि त्याला ते माहीत होतं. इंग्लंडातल्या कामगाराच्या पोराला ज्ञान फुकट मिळत होतं, आणि त्याचे पैसे बापाच्या फुप्फुसातून वळते होत होते. तरीही त्या पोराला ताऱ्यांची नावं आणि रक्त थांबवायची पट्टी त्या कार्डानं शिकवली, हे नाकारता येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

१९३० च्या दशकात कार्डाच्या पाठीला डिंक आला. कंपन्यांनी एका पेनीला वही विकायला काढली. कार्ड ओलं करून चौकटीत चिकटवायचं. पण चिकटवलं की पाठीमागचा मजकूर दिसेनासा होणार. म्हणून तोच मजकूर वहीत चौकटीखाली पुन्हा छापलेला असे. मुलाच्या हाती चित्र येण्याआधीच मजकूर तिथे असायचा, वर रिकामी चौकट घेऊन. या रिकाम्या चौकटीचं पुढे काय झालं ते सांगते. त्याआधी कधीच न वाटलेल्या कार्डांबद्दल थोडं.

कारण कुणी काय छापलं याइतकंच, छापून काय दाबलं हेही बोलकं असतं. १९१५ साली वॉटर्लूच्या लढाईला १०० वर्षं होत होती. विल्सनं त्यावर ५० कार्डांचा संच तयार केला. पण ज्या फ्रेंचांना तिथे हरवलं, ते आता महायुद्धात दोस्त झाले होते. संच वाटलाच नाही. नामवंत संगीतकारांच्या मालिकेतून आठ जर्मन नावं काढून त्यांच्या जागी दुसरी घातली गेली. १९३६ साली आठव्या एडवर्डच्या जीवनावरचा संच छापून तयार होता. राजानं डिसेंबरात गादी सोडली आणि संच रद्द झाला. उलट १९१५ मध्येच विल्सनं सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांची १२ कार्डं मात्र खुशाल वाटली. कार्डाच्या पाठीवरचा तो निर्विकार, कोशासारखा आवाज किती निर्विकार होता, हे यावरून समजावं.

१९३८ साली हा आवाज थेट सरकारच्या कामी आला. विल्सनं गृहखात्याच्या मदतीनं हवाई हल्ल्यापासून बचाव या विषयावर ५० कार्डं काढली. घरातली कोणती खोली आसऱ्याला निवडावी, खिडक्यांच्या फटी विषारी वायूसाठी कशा बुजवाव्या, आगलावा बाँब पडला तर काय करावं, मुखवटा कसा घालावा. पुढे चित्रातलं कुटुंब शांत, नीटनेटकं. मागे कृती. दोन वर्षांनी लंडनवर खरोखर बाँब पडले. मला विचाराल तर त्या गद्यप्रकाराचा हा सगळ्यात उपयोगी संच, आणि सगळ्यात भयंकरही. पोरानं क्रिकेटपटू निघेल म्हणून पाकीट उघडावं आणि हातात गॅसचा मुखवटा यावा.

जर्मनीत मात्र गोष्ट फार पुढे गेली. हॅम्बुर्गची रीम्ट्समा ही सिगारेट कंपनी. तिथे पाकिटात कूपन असत. ती साठवून पाठवली की चित्रांचा गठ्ठा मिळे, आणि वही वेगळी विकत घ्यायची. सुरुवातीला सभ्य विषय होते. १९३३ साली नाझी पक्षाच्या उदयाची वही आली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकची, आणि त्याच वर्षी हिटलरच्या जीवनावरची, गोबेल्सची प्रस्तावना आणि हाइनरिश हॉफमनची छायाचित्रं असलेली. हिटलर स्वतः धूम्रपानाचा कट्टर शत्रू होता, तरी पाकिटातल्या कूपनांवर त्याचं चरित्र घरोघर गेलं.

यातलं खरं बळ रिकाम्या चौकटीत होतं. छापील चरित्र माणूस वाचतो किंवा फेकून देतो. पण या वहीत मजकूर आधीच छापलेला आणि चित्राची जागा मोकळी. ती मोकळी जागा मुलाला स्वस्थ बसू देत नाही. कूपनं साठवायची, मागवायची, कडा जुळवून चिकटवायची. प्रचाराचं पुस्तक ज्यानं वाचायचं, त्याच्याच हातांनी ते पूर्ण होतं. इंग्लंडातल्या मुलानं फुलपाखराची चौकट भरली, जर्मनीतल्या मुलानं ही. डिंक तोच, उत्सुकता तीच.

हिंदुस्थानात हा प्रकार ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या मार्फत आला. तिची उपकंपनी पेनिन्सुलर टोबॅको. तिचा कारखाना बिहारात मुंगेरला. या कंपनीनं १९०९ च्या सुमारास प्राण्यापक्ष्यांबरोबर चक्क हिंदू देवतांची मालिका काढली. १९१० साली कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली; तीच आजची आयटीसी. देवाचं चित्र आणि सिगारेट एका पाकिटात, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण तो काळ बघा: १८९४ साली राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढल्यापासून लक्ष्मी-सरस्वती स्वस्त रंगीत कागदावर घरोघर पोचल्या होत्या. देवाच्या चित्राला बाजार आहे हे व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक झालं होतं. भिंतीवरच्या चित्राला कुणी हळदकुंकू लावी. पाकिटातल्या चित्राचं काय करत असतील? ते फेकणंही अवघड आणि ठेवणंही.

आपल्याकडे मात्र सामान्य माणूस ओढायचा ती बिडी. तंबाखू निपाणीचा असो की आणखी कुठला, बिडीच्या कट्ट्यात कार्ड सरकवायला जागा नाही. म्हणून आपली चित्रकला कट्ट्याच्या लेबलावर राहिली, बाहेरच्या बाजूला. पाठीला मजकूर नाही. मालकाचा फोटो, छापाचं चित्र, ‘नक्कल करणाऱ्यांपासून सावध’ अशा धर्तीची ताकीद, संपलं. आमच्या सीमाभागात एकाच लेबलावर मराठी आणि कानडी शेजारी नांदतात, ते कुणीतरी जमवून ठेवायला हवं. भाषेच्या अभ्यासाला तो ऐवज आहे.

जमवणाऱ्यांची गोष्ट सांगायची तर जेफरसन बर्डिकला टाळून चालणार नाही. अमेरिकेत सिरॅक्यूजला विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, अविवाहित, सांधेदुखीनं बेजार झालेला माणूस. सिगारेट-कार्डांसारखा ‘कचरा’ त्यानं आयुष्यभर जमवला, त्याची यादी केली, प्रत्येक संचाला क्रमांक दिला. ते क्रमांक आजही चालतात. १९४७ पासून त्यानं आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून जास्त नग. तिथे त्याला एक मेज मिळालं आणि पुढची पंधरा वर्षं वाकड्या झालेल्या बोटांनी तो कार्डं वह्यांत लावत बसला. १० जानेवारी १९६३ ला काम संपलं. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला. इंग्लंडात एडवर्ड व्हार्टन-टायगर यांनी जमवलेली सुमारे वीस लाख कार्डं १९९५ साली ब्रिटिश म्युझियमकडे गेली.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध सिगारेट-कार्ड बर्डिकच्या यादीत ‘टी २०६’ या क्रमांकाच्या संचात आहे. पिट्सबर्गचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅकोनं काढलेल्या त्या संचात वॅग्नरनं आपलं चित्र घालू दिलं नाही, म्हणून छपाई लगेच थांबली. आज साठेक प्रतीच माहीत आहेत. २०२२ साली एक ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. त्यानं नकार का दिला? मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून, असं एक मत. पैशावरून बिनसलं, असं दुसरं. स्वतः तो तंबाखू वापरायचा, तेव्हा तंबाखूचा तिटकारा हे कारण नसावं. मला पहिलं मत पटतं, निदान पटावंसं वाटतं. पण त्या कार्डाची पाठ बघा. तिथे वॅग्नरबद्दल एक शब्द नाही, निव्वळ सिगारेटची जाहिरात. इतक्या किमतीच्या कागदावर वाचायला काही नाही!

ब्रिटनमध्ये कार्डं पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईनं १९१७ ला थांबली, १९२२ पासून पुन्हा आली आणि १९४० च्या सुरुवातीला कायमची गेली. पुढे चहा आणि च्युइंगगम यांनी ती गादी चालवली. आपल्याकडे बिग फन बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं आणि मागे धावा निघायच्या. घरी आईबाबांना विचारून बघा, डोळे चमकतील. सिगारेटच्या पाकिटावर आता वेगळंच चित्र आहे. २००९ पासून भारतात सचित्र इशारा सक्तीचा झाला आणि २०१६ पासून त्यानं पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. ते चित्र कुणी जमवत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी एक सराव सुचवते. आपल्या गावातली एक वस्तू, व्यक्ती किंवा जागा निवडा आणि कार्डाच्या पाठीवर मावेल असा ७० शब्दांचा मजकूर लिहा. नाव घालायचं नाही. विशेषणं जमतील तितकी गाळा. आणि दुसऱ्या कागदावर, त्याच विषयातलं तुम्हाला माहीत असूनही तुम्ही काय लिहिलं नाहीत आणि का, ते लिहून आणा. आधी दुसरा कागद वाचू, मग पहिला. कार्डाचं माप वर दिलंच आहे. एक बाजू चित्रासाठी मोकळी सोडा.